परदेश प्रवास : काउंटरवर अडायचं नसेल तर कुठे काय तपासायचं

तिरपी_सही (धागाकर्ता)

परदेश प्रवासाचे प्रश्न दहा धाग्यांवर विखुरलेले आहेत, आणि उत्तरं बहुतेक वेळा 'आम्हाला तर कुणी काही विचारलं नाही' या पठडीतली. त्यातून कुणाला काही कळत नाही. म्हणून हा एकच धागा. विनंती एवढीच की प्रवासवर्णनं इथे नकोत. काय, कुठे, किती आणि नेमकं कशामुळे अडतं, तेवढंच लिहा.

सुरुवात माझ्याकडून. तुम्ही विमानात बसणार की नाही हे सगळ्यात आधी ठरवतो तो चेक-इन काउंटरवरचा कर्मचारी, आणि तो बघतो टिमॅटिक. हा आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा डेटाबेस आहे. नागरिकत्व, पासपोर्टची मुदत, कुठून कुठे, मधले थांबे, परतीचं तिकीट आहे की नाही, हे भरलं की त्यात उत्तर येतं. कागदपत्रं अपुरी असलेला प्रवासी नेला तर दंड विमान कंपनीला बसतो आणि त्याला परत आणणंही तिच्याच गळ्यात पडतं. त्यामुळे तिथे हुज्जत घालून, वकिलातीत फोनवर कोण काय म्हणालं ते सांगून, काहीही होत नाही. पडद्यावर 'नाही' आलं की नाही. हीच माहिती आयाटाच्या ट्रॅव्हल सेंटरच्या पानावर आणि कित्येक विमान कंपन्यांच्या साइटवर प्रवाशालाही बघता येते. तिकीट काढायच्या आधी बघा. नंतर बघून फक्त घाम फुटतो.

विकिपीडियावर बहुतेक प्रत्येक नागरिकत्वासाठी व्हिसा नियमांचं एक लांबलचक पान आहे. अंदाज घ्यायला झकास, पण तो शेवटचा शब्द नव्हे. आधी ते, मग त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याची साइट, मग टिमॅटिक, असा क्रम ठेवा. तिन्हींत तफावत दिसली तर वकिलातीला मेल करा आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा.

पासपोर्टच्या मुदतीबद्दल: 'सहा महिने हवेत' हा नियम सरसकट नाही. शेंगेनमध्ये (युरोपातल्या, आपसांत सीमा-तपासणी नसलेल्या देशांचा गट) बाहेर पडायच्या नियोजित तारखेनंतर ३ महिने पुरतात, पण पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला असावा लागतो. ही दुसरी अट लोक वाचतच नाहीत. हिशेब करत बसायचं नसेल तर सहा महिने आणि दोन कोरी पानं हाताशी धरून चाला.


चौकस

उत्तम धागा. वाखूसा (वाचनखूण साठवली).

भर घालतो. ई-व्हिसा किंवा अमेरिकेच्या ईएसटीएसारखी (व्हिसा न लागणाऱ्यांसाठीची) ऑनलाइन प्रवास परवानगी शोधली की वर येणारे पहिले दोन-तीन दुवे जाहिरातींचे असतात. तिथे फॉर्म हुबेहूब तसाच, चिन्हंही तशीच, आणि शुल्क मूळच्या कैक पट. सगळेच लुबाडणारे नसतात, काही अर्ज खरोखर पुढे भरतात. पण तुमच्या पासपोर्टची सगळी माहिती त्यांच्याकडे राहते आणि टायपिंगची चूक झाली तर जबाबदार कोणीच नाही.

पत्ता कसा वाचायचा ते सांगतो. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा. तिच्या लगेच डावीकडे जे आहे ते खरं नाव. अमेरिकेच्या सरकारी साइटचं नाव तिथे 'डॉट जीओव्ही'ने संपतं, ब्रिटनच्या 'जीओव्ही डॉट यूके'ने, युरोपीय संघाच्या 'युरोपा डॉट ईयू'ने. नावात आधी कुठेतरी 'ईएसटीए', 'जीओव्ही', 'ऑफिशियल' वगैरे घुसडलेलं असेल आणि शेवट 'डॉट कॉम'ने होत असेल तर तो मध्यस्थ. ईटीआयएएस या युरोपच्या तशाच प्रवास परवानगीचे 'अर्ज भरून देणारे' तर ती योजना सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून दुकान मांडून बसलेत!

तसंच डिजिटल आगमनपत्रिका. थायलंडने १ मे २०२५ पासून टीडीएसी ही आपली पत्रिका सक्तीची केली. सिंगापूर आणि मलेशियाचीही अशी पत्रिका आहे. तिन्ही ठिकाणी पोचायच्या आधीच्या ३ दिवसांत भरायची आणि तिन्ही फुकट आहेत. पैसे मागितले की साइट चुकली समजा. आणि आगमनपत्रिका म्हणजे व्हिसा नव्हे. व्हिसा लागत असेल तर तो वेगळा लागतोच. भरून झाल्यावर येणाऱ्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण रांगेत उभं असताना विमानतळाचं वायफाय हमखास नाटकं करतं.


दोनच_बॅगा

प्रश्न आहे. एकत्र तिकिटापेक्षा दोन वेगळी तिकिटं काढली तर बरंच स्वस्त पडतंय. मधल्या विमानतळावर मी बाहेर पडणार नाही. तरी ट्रान्झिट व्हिसाची भानगड असते का?


बोर्डिंगपास

@दोनच_बॅगा, तुम्ही बाहेर पडणार का, हा प्रश्नच नाही. तुमची बॅग कोण उचलणार, हा प्रश्न आहे.

दोन वेगळ्या तिकिटांवर चेक-इनची बॅग बहुतेक वेळा पहिल्या तिकिटाच्या शेवटच्या ठिकाणापर्यंतच जाते. ती पट्ट्यावरून उचलायची म्हणजे इमिग्रेशन ओलांडायचं, म्हणजे त्या देशात रीतसर प्रवेश. 'ट्रान्झिटला व्हिसा लागत नाही' ही सवलत तिथेच संपली. काउंटरवर बॅगेला टॅग गुंडाळला की त्यावरची मोठी तीन अक्षरं वाचा. ती तुमच्या शेवटच्या मुक्कामाची नसतील तर तिथल्या तिथे विचारा. बॅग पट्ट्यावरून आत गेली की विषय संपला. फक्त हातातली बॅग असेल आणि पुढचा बोर्डिंग पास मोबाइलवर आधीच आलेला असेल तर दोन तिकिटं जमू शकतात, तेही त्या विमानतळावर आतल्या आत टर्मिनल बदलता येत असेल तरच.

एकत्र तिकिटावरही तीन ठिकाणी फसगत होते.

पहिलं, अमेरिका. तिथे 'आतल्या आत ट्रान्झिट' हा प्रकार नाही. दोन तासांसाठी उतरलात तरी इमिग्रेशन पार करावं लागतं, म्हणजे व्हिसा किंवा पात्र असाल तर ईएसटीए हवंच.

दुसरं, शेंगेनमधले दोन विमानतळ. समजा दुबई ते फ्रँकफर्ट, फ्रँकफर्ट ते म्यूनिक, म्यूनिक ते न्यूयॉर्क असा मार्ग आहे. मधलं उड्डाण देशांतर्गत, म्हणून फ्रँकफर्टलाच तुमचा शेंगेन प्रवेश होतो आणि पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. हेच तिकीट दुबई-फ्रँकफर्ट-न्यूयॉर्क असतं तर लागला नसता. फक्त काही ठरावीक देशांच्या नागरिकांना ए प्रकारचा विमानतळ ट्रान्झिट व्हिसा लागतो. स्वस्तातलं तिकीट शोधून देणाऱ्या साइट हा फरक सांगत नाहीत, फार तर तळाशी बारीक अक्षरांत 'कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची' असं म्हणून मोकळ्या होतात.

तिसरं, एकाच शहराचे दोन विमानतळ. टोकियोचे हानेडा आणि नारिता, इस्तंबूलचा आयएसटी आणि पलीकडच्या तीरावरचा एसएडब्ल्यू, लंडनचे तर अर्धा डझन. शोधताना शहराचा कोड टाकला की सगळे मिसळून येतात. उतरायचा कोड आणि पुढे चढायचा कोड अक्षर न् अक्षर जुळवा.

आणि पैशाचं गणित करताना हेही धरा: वेगळ्या तिकिटांवर पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही 'आलाच नाहीत'. तिकीट बुडालं. वर परतीचा प्रवास त्याच तिकिटात असेल तर तोही आपोआप रद्द होतो. एकत्र तिकिटावर पुढचं विमान चुकलं तर पर्यायी विमान देणं ही कंपनीची जबाबदारी.


खिडकीजवळ

वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी. आपसांत करार असलेल्या काही कंपन्या वेगळ्या पीएनआरवरही बॅग पुढे टॅग करतात, तेव्हा 'कधीच नाही' असं नाही. पण त्यावर बेत आखू नये. काउंटरवरच्या माणसाने नाही म्हटलं तर तुमच्याकडे दाखवायला काही नसतं.

दुसरं, एजंट साइटवरून तिकीट काढलं तर लगेच दोन गोष्टी तपासा. मेलमध्ये आलेला सहा अक्षरी क्रमांक एजंटचा असू शकतो. विमान कंपनीचा पीएनआर वेगळा असतो, तो मागून घ्या आणि कंपनीच्या साइटवर टाकून बघा. आणि १३ अंकी ई-तिकीट क्रमांक आला आहे का ते बघा. त्यातले पहिले तीन अंक कंपनीचे असतात, उदाहरणार्थ लुफ्तान्साचे २२०, एमिरेट्सचे १७६. नुसता पीएनआर असेल आणि हा क्रमांक नसेल तर जागा धरून ठेवली आहे, तिकीट निघालेलं नाही. पैसे कापले गेले म्हणजे तिकीट निघालं, असं समजून लोक थेट विमानतळ गाठतात.

माझं मत विचाराल तर थोडा फरक असेल तर थेट कंपनीकडूनच घ्या. वेळापत्रक बदललं की एजंटच्या तिकिटाला कंपनी हात लावत नाही आणि एजंटचा चॅटबॉट माणसाला जोडून देत नाही.


मधलं_नाव

तिकिटावरचं नाव कसं लिहायचं हे दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतं, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ खुणांच्या. वरच्या ओळीत आधी 'पी', मग देशाची तीन अक्षरं, मग आडनाव, मग दोन कोनी चिन्हं (<<), मग बाकीची नावं. तिकिटाचा फॉर्म भरताना ही ओळ समोर ठेवा. दोन कोनी चिन्हांच्या आधीचं सगळं आडनावाच्या रकान्यात, नंतरचं सगळं पहिल्या नावाच्या रकान्यात. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव तिथे असेल तर घ्या, नसेल तर मनाने घालू नका.

बोर्डिंग पासवर दोन नावं चिकटून आली, शेवटी 'एमआर' किंवा 'एमआरएस' जोडलं गेलं, लांब नाव मध्येच तुटलं, तर घाबरायचं कारण नाही. छपाईची ती रीतच आहे. अडतं ते एखादं अक्षर चुकल्यावर आणि आडनाव-नाव उलटं पडल्यावर. उलटं पडलं असेल तर बहुतेक कंपन्या दुरुस्त करून देतात, पण फोन आजच करा, चेक-इन उघडल्यावर नाही.

आडनावाचा रकाना कोराच असलेल्यांची अडचण वेगळी आहे. प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी: कुणी तेच नाव दोनदा लिहायला सांगतं, कुणी 'एफएनयू' किंवा 'एलएनयू' (पहिलं नाव किंवा आडनाव माहीत नाही) टाकतं. ते कंपनीच्या साइटवर 'सिंगल नेम' म्हणून शोधा आणि व्हिसावर जसं छापून आलंय त्याच्याशी ताडून बघा.


कॅलेंडर

शेंगेनचे '१८० दिवसांत ९०' बद्दल. हे अर्धवार्षिक खातं नाही, १ जानेवारीला कोरं होत नाही. तुम्ही तिथे असलेला कोणताही एक दिवस घ्या, त्या दिवसासकट मागचे १८० दिवस मोजा. त्यात तुमचे मुक्कामाचे दिवस ९० च्या वर जाता कामा नयेत. प्रवेशाचा आणि बाहेर पडायचा, दोन्ही दिवस धरले जातात. १ मार्चला रात्री ११ वाजता उतरून २० मार्चला पहाटे निघालात तरी २० दिवस झाले. युरोपीय आयोगाच्या साइटवर यासाठी गणकयंत्र आहे, तारखा टाकून बघा.

पूर्वी शिक्के मोजायचा कंटाळा करणारा अधिकारी भेटायचा. आता ईईएस ही ये-जा नोंदवणारी संगणकीय यंत्रणा आहे: १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो. एक दिवस जास्त झाला तरी यंत्र दाखवतं.

व्हिसावर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात. 'पासून-पर्यंत' ही मुदत, आणि 'ड्युरेशन ऑफ स्टे' हे प्रत्यक्ष राहायचे दिवस. मुदत ३० दिवसांची आणि मुक्काम १५ दिवसांचा, असं सर्रास असतं. अमेरिकेत तर याहून गंमत. व्हिसाची तारीख फक्त दारापर्यंत यायची. किती दिवस राहायचं ते आय-९४, म्हणजे तुमच्या प्रवेशाची सरकारी नोंद, ठरवतं. उतरल्यावर एक-दोन दिवसांत सीबीपीच्या (अमेरिकेचं सीमा खातं) साइटवर पासपोर्ट क्रमांक टाकून ते काढा आणि तारीख वाचा. पासपोर्टची मुदत लवकर संपत असेल तर आय-९४ तिथवरच कापलेलं सापडू शकतं.


सुटे_पैसे

पैशांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून.

परदेशी एटीएममध्ये कार्ड घातलं, रक्कम टाकली की बऱ्याचदा एक पडदा येतो: 'तुमच्या खात्यातून अमुक रक्कम जाईल, हा दर निश्चित', आणि रक्कम तुमच्या घरच्या चलनात. खाली दोन बटणं. 'स्वीकारा' मोठं, हिरवं. 'रूपांतर नको' बारीक, राखाडी, कधी नुसतंच 'नाही', म्हणजे वाटावं की व्यवहारच रद्द होईल. ते बारीकच दाबायचं. व्यवहार रद्द होत नाही, पैसे येतात, आणि दर तुमच्या कार्डच्या नेटवर्कचा लागतो. हिरवं दाबलं तर एटीएमवाल्याचा दर लागतो आणि त्यात त्याचा घसघशीत हिस्सा असतो. याला डीसीसी म्हणतात. दुकानात, हॉटेलात कार्डयंत्रावरही हेच. तिथे विक्रेता तुम्हाला न विचारता बटण दाबून मोकळा होतो, म्हणून पिन टाकण्यापूर्वी यंत्रावर रक्कम कुठल्या चलनात दिसतेय ते बघा. पावती निघाल्यावर लक्षात आलं तर तिथेच व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्या साइटवर त्या दिवसाचा दर दाखवणारं पान आहे, फरक डोळ्यांनी दिसेल.

हॉटेल आणि भाड्याची गाडी घेताना कार्डवर रक्कम 'धरून' ठेवतात. डेबिट कार्ड दिलंत तर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि गाडी परत केल्यावरही काही दिवस सुटत नाहीत. त्यासाठी क्रेडिट कार्ड वापरा. दोन कार्डं, दोन वेगळी नेटवर्कं, दोन वेगळ्या जागी. माणूस नसलेले पेट्रोल पंप आणि तिकीट यंत्रं सहीवर भागवत नाहीत, तेव्हा क्रेडिट कार्डचाही पिन पाठ असू द्या.


रोमिंग_बंद

सुटे_पैसे यांच्या प्रतिसादाला जोडूनच: कार्डाचा ओटीपी येतो घरच्या सिमवर. ते सिम काढून खिशात ठेवलं तर परदेशात ऑनलाइन एक तिकीट काढता येत नाही. म्हणून घरचं सिम चालू ठेवून डेटासाठी ई-सिम (कार्डाशिवायचं, फोनमध्येच उतरवायचं सिम), हे सध्या सगळ्यात सोयीचं.

क्रम असा. डायलरवर *#०६# दाबा. यादीत ईआयडी नावाचा ३२ अंकी क्रमांक दिसला तर फोन ई-सिम घेतो. फोन एखाद्या कंपनीला लॉक केलेला नाही ना, ते सेटिंगमध्ये बघा. ई-सिम घरीच वायफायवर उतरवून घ्या. विमानतळावर पोचून करायला गेलात तर क्यूआर कोड ज्या फोनवर आलाय तोच स्कॅन करायचा आणि वायफायला लॉगिन करायला एसएमएस हवा, असा पेच पडतो. मात्र योजनेचे दिवस उतरवल्यापासून सुरू होतात की तिथल्या नेटवर्कला जोडल्यापासून, ते विकत घेताना वाचा; दोन्ही प्रकार असतात.

उतरल्यावर: मोबाइल डेटा ई-सिमवर, ई-सिमचं डेटा रोमिंग चालू, घरच्या सिमचं डेटा रोमिंग बंद. शेवटचं म्हणजे 'गरज पडल्यास दुसऱ्या सिमचा डेटा वापरा' हे बटण बंद. हेच एक राहून जातं आणि मग बिल येतं. नेटवर्कच्या काड्या दिसतात पण इंटरनेट नाही, असं झालं तर दहापैकी नऊ वेळा ई-सिमचं रोमिंग बंद असतं, नाहीतर एपीएन (इंटरनेट जोडणीची सेटिंग) भरलेलं नसतं.

चालत नाही म्हणून वैतागून ई-सिम डिलीट मात्र करू नका. बहुतेक क्यूआर कोड एकदाच चालतात.

आणखी एक: प्रवासी ई-सिमचा डेटा कित्येकदा तिसऱ्याच देशातून इंटरनेटवर बाहेर पडतो. त्यामुळे साइट भलत्याच भाषेत उघडतात आणि बँकेचं ॲप संशय घेऊन अडतं. तेवढ्यापुरतं हॉटेलचं वायफाय वापरा.


चौकस

*#०६# मध्ये ईआयडी दिसतोय पण सेटिंगमध्ये 'ई-सिम जोडा' हा पर्यायच नाही, असं कशाने?


रोमिंग_बंद

बहुधा फोन लॉक आहे, किंवा त्या देशासाठी काढलेल्या मॉडेलमध्ये ती सोय बंद ठेवली आहे. उत्पादकाच्या साइटवर मॉडेल क्रमांक टाकून बघा, नुसत्या नावावर जाऊ नका.


वॉटतास

पॉवर बँक. यावर समज कमी आणि गैरसमज फार.

चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही, हातातल्या बॅगेतच. मर्यादा एमएएचमध्ये नसते, वॉट-तासांत असते. एमएएच गुणिले ३.७, भागिले १०००. २०,००० ची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-तास, चालते. २७,००० ची म्हणजे ९९.९, काठावर चालते. ३०,००० ची म्हणजे १११, तिला विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते. १०० ते १६० मध्ये परवानगीने, १६० च्या वर अजिबात नाही. यूएसबीचे ५ व्होल्ट धरून गुणाकार करू नका, आतल्या सेलचे ३.७ धरायचे.

सुरक्षा तपासणीतला माणूस गुणाकार करत बसत नाही, छापलेला आकडा वाचतो. छपाई घासून पुसली गेली असेल तर पॉवर बँक तिथेच राहते. चीनमध्ये २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानांत ३सी हे चिनी सुरक्षा-प्रमाणपत्राचं चिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. बऱ्याच कंपन्यांनी विमानात ती वापरायलाही बंदी घातली आहे आणि वरच्या कप्प्यात न ठेवता जवळ ठेवायला सांगतात. कंपनीचं पान निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा, हे नियम भराभर बदलताहेत.

खरी गडबड होते ती विमानाच्या दाराशी. जागा संपली म्हणून तुमची केबिन बॅग खाली टाकायला घेतात आणि आत पॉवर बँक तशीच! ती वरच्याच कप्प्यात, एका हाताने काढता येईल अशी ठेवा. औषधं आणि पासपोर्टचं पाकीटही तिथेच.

प्लगबद्दल एका ओळीत: चार्जरवर '१००-२४० व्होल्ट' लिहिलेलं असेल तर नुसता ॲडॉप्टर पुरतो. केस वाळवायच्या यंत्रावर बहुधा एकच व्होल्टेज असतं, आणि ॲडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही. कुठल्या देशात कुठला प्लग ते आयईसी या विद्युत मानकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साइटवर चित्रांसकट आहे.


खिडकीजवळ

बॅग आलीच नाही तर काय, हे राहिलं.

पट्टा थांबला की बाहेर पडू नका. त्याच हॉलमध्ये बॅगेज काउंटर असतं, तिथे पीआयआर (बॅग न मिळाल्याची नोंद) भरून घ्या. त्यावर दहा खुणांचा संदर्भ क्रमांक मिळतो: तीन अक्षरं विमानतळाची, दोन कंपनीची, मग पाच अंक. तो वर्ल्डट्रेसर या बॅगा शोधायच्या साइटवर टाकला की बॅग कुठवर आली ते दिसतं. दोन कंपन्यांचा प्रवास असेल तर तक्रार शेवटच्या कंपनीकडे. बॅगेचं वर्णन करताना 'काळी, चाकांची' एवढ्याने काही होत नाही. आत सगळ्यात वर काय आहे ते लिहा. फोटो काढून ठेवला असेल तर उत्तम. टॅगचा चिकटपट्टीचा तुकडा फेकू नका.

आंतरराष्ट्रीय विमान प्रवासाच्या माँट्रियल करारातल्या मुदती पाठ करून ठेवण्यासारख्या आहेत. नुकसान झालं असेल तर बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार. उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवसांत आलीच नाही तर हरवली असं धरून दावा करता येतो. कोर्टात जायची मुदत २ वर्षं. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक). ही कमाल आहे, हक्काची ठोक रक्कम नाही. मधल्या काळात घेतलेल्या कपड्यांच्या, दाढीच्या सामानाच्या पावत्या जोडाव्या लागतात. पीआयआर भरला म्हणजे लेखी तक्रार झाली, असं समजू नका. कंपनीच्या साइटवर दाव्याचा फॉर्म वेगळा असतो.

विमान उशिरा झाल्याची भरपाई ही निराळी गोष्ट. युरोपीय संघातून निघणारं कुठलंही विमान, किंवा तिथल्या कंपनीचं तिकडे जाणारं विमान, ३ तास किंवा जास्त उशिरा पोचलं तर नियम २६१/२००४ खाली अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो. पोचायची वेळ म्हणजे चाकं टेकली ती नव्हे, दार उघडलं ती. तीन तासांच्या काठावर असाल तर दार उघडताना फोनवर वेळेचा फोटो काढा. हवामानासारख्या कारणाला भरपाई नाही, पण जेवण-मुक्कामाची सोय तेव्हाही करावीच लागते. दावा कंपनीच्या फॉर्मवर स्वतः भरता येतो, टक्केवारी घेणाऱ्यांना मध्ये घालायची गरज नाही.


नकाशेवाला

गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा उतरवला म्हणजे झालं, असं नाही. ऑफलाइनमध्ये फक्त गाडीचा रस्ता मिळतो. चालत जायचा किंवा बस-मेट्रोचा नाही. पायी हिंडणाऱ्यांनी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड घ्यावं. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात, पायवाटा आणि पायऱ्यासुद्धा दाखवतात. दक्षिण कोरियात नेव्हर मॅप किंवा काकाओमॅप जास्त भरवशाचे. चीनमध्ये सरकारी नकाशे मुद्दाम सरकवलेल्या निर्देशांकांवर असतात, त्यामुळे बाहेरच्या ॲपमध्ये तुमचा निळा ठिपका काही शे मीटर भलतीकडे, कधी नदीतही दिसतो. तिथे आमॅप घ्या.

रेल्वेसाठी 'द मॅन इन सीट सिक्स्टीवन' ही साइट. तिकीट कुठे काढायचं, आरक्षण कधी उघडतं, कुठल्या बाजूची खिडकी, सगळं आहे. रोम२रिओ पर्याय सुचवायला बरं, त्यातल्या वेळा आणि भाडी मात्र अंदाजाच्या. विकिव्हॉयेजवर प्रत्येक शहराच्या पानात 'कसं पोचायचं' हा भाग वाचा, हॉटेलांचा सोडून द्या.


दोनच_बॅगा

सगळ्यांचे आभार, एकत्र तिकीटच काढतेय. आणखी दोन शंका. गाडी भाड्याने घ्यायला आंतरराष्ट्रीय परवाना ऑनलाइन मिळतो ना? आणि रोजच्या गोळ्या महिनाभराच्या न्यायच्या आहेत, त्यांचं काय?


तिरपी_सही

परवाना: ऑनलाइन 'आंतरराष्ट्रीय लायसन्स' विकणाऱ्या खाजगी साइटचा कागद कुठेही चालत नाही. आयडीपी (आंतरराष्ट्रीय वाहन परवाना) तुमच्याच देशाने अधिकार दिलेली संस्था देते आणि तो मूळ परवान्याचा अनुवाद असतो, म्हणून मूळ परवाना सोबत हवाच. त्याचे मुख्य दोन नमुने आहेत, १९४९ च्या जिनिव्हा कराराचा आणि १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा. काही देश एकच मानतात. जपानमध्ये १९४९ चाच लागतो. चीन दोन्ही मानत नाही. परवान्यावर दुचाकीचा वर्ग नसताना स्कूटर भाड्याने घेतलीत तर दुकानदार देईल, पण अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करेल.

गोळ्या: मूळ वेष्टनात, मूळ औषधाच्या नावासकट डॉक्टरांची चिठ्ठी, आणि पासपोर्टवर आहे तेच नाव. ब्रँडची नावं देशागणिक बदलतात, मूळ नाव नाही. झोपेच्या, तीव्र वेदनाशामक किंवा एडीएचडीच्या गोळ्या असतील तर आयएनसीबी या अमली पदार्थ नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या साइटवर देशवार नियम आहेत. जपानचे नियम कडक: १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेलं साधं सर्दीचं औषधही चालत नाही, आणि महिन्याहून जास्त दिवसांची डॉक्टरी औषधं न्यायची तर आधी परवानगीचं प्रमाणपत्र काढावं लागतं.

पीतज्वराची लसही यातच सांगतो. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून १० दिवसांनी ग्राह्य होतं, म्हणून आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. एकदा घेतली की जन्मभर चालते, २०१६ पासून. पुष्कळ देश तुम्ही कुठून येताय ते बघतात, आणि लागण असलेल्या देशात १२ तासांहून जास्त ट्रान्झिट झालं तरी मागतात.


कॅलेंडर

अवांतर नाही, पण छोटं आहे. '१५ तारखेला ००:२० चं विमान' म्हणजे १४ ला रात्री जेवून निघायचं. हॉटेल १४ पर्यंतच धरा, पण खोली संध्याकाळपर्यंत मिळेल का ते विचारा. उतरायच्या वेळेपुढे '+१' असेल तर हॉटेल, आगमनपत्रिका आणि ई-व्हिसा तिन्हींत दुसऱ्या दिवसाची तारीख जाते. आणि ०३/०४ ही तारीख मार्चची की एप्रिलची, हे प्रत्येक फॉर्मवर रकान्याखालच्या नमुन्यावरून ताडून बघा.


चौकस

पासपोर्ट हरवला, पोलिसांत तक्रार दिली, वकिलातीलाही कळवलं आणि मग दोन दिवसांनी दुसऱ्या बॅगेच्या कप्प्यात सापडला. तोच वापरून परत येता येतं का?


बोर्डिंगपास

नाही. हरवल्याची नोंद झाली की पासपोर्ट रद्द होतो आणि क्रमांक इंटरपोलच्या हरवलेल्या-चोरलेल्या दस्तऐवजांच्या यादीत जातो. सीमेवर स्कॅन झाला की लाल दिवा. सापडलेला पासपोर्ट वकिलातीत जमा करून तात्पुरता दाखला किंवा नवा पासपोर्ट घ्यावा लागतो, आणि बाहेर पडायला त्या देशाच्या इमिग्रेशनची वेगळी परवानगी लागते का तेही विचारावं लागतं, कारण नव्या कागदावर प्रवेशाची खूण नसते. म्हणून पोलिसांत जायच्या आधी सगळ्या बॅगा पलंगावर उपड्या करा, कोटांचे आतले खिसे आणि खोलीतली तिजोरीसुद्धा बघा.